बाझलचा छोटा ऑर्केस्ट्रा आणि एका माणसाची गोष्ट

बाझल म्हटलं की कुणाला काय आठवेल याचा नेम नाही. बँकिंग प्रोजेक्टवर काम करणाऱ्याला 'बाझल-२', 'बाझल-३' हे नियम आठवतात आणि त्याचं तोंड कडू होतं. फार्मा क्लायंट असलेल्याला रोश आणि नोव्हार्टिस आठवतात. बाकीच्यांना रॉजर फेडरर. ऱ्हाइन नदीच्या काठावरचं, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी जिथे एकमेकांना टेकतात तिथलं हे शहर. आकाराने बघाल तर आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या गावापेक्षा मोठं नाही. पण विसाव्या शतकातलं तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं उत्तमोत्तम पाश्चात्त्य संगीत शोधायला बसलात, तर दर दोन-तीन कृतींमागे याच गावाचं नाव निघतं. हे कसं काय झालं? त्याची ही गोष्ट.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीत चौकात स्टेज बांधून होणारा हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यासमोर येतो. इथे तो अर्थ नाही. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे शब्दशः खोलीतला वाद्यवृंद. सिंफनी ऑर्केस्ट्रात ऐंशी-शंभर वादक असतात, तर इथे वीस-तीस. मुख्यतः व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बेस, आणि लागतील तशी दोन-चार फुंकवाद्यं. सभागृहातली मैफल आणि घरातली बैठक यात जो फरक, साधारण तोच. लोक कमी म्हणजे खर्च कमी, आणि लपायला जागाही कमी. एकाने चूक केली की ती सगळ्यांना ऐकू जाते.

१९२६ साली बाझलमध्ये एका वीस वर्षांच्या पोराने असा ऑर्केस्ट्रा काढला. नाव बाझलर कामरऑर्केस्टर, म्हणजे साध्या मराठीत बाझलचा चेंबर ऑर्केस्ट्रा. पोराचं नाव पॉल झाखर. (स्पेलिंग बघून आपल्याकडे कुणी 'साखर' म्हणेल, पण जर्मन उच्चार झाखर.) घर साधं, पैसा नाही. तो विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकला आणि फेलिक्स वाइनगार्टनर या नामवंत कंडक्टरकडेही शिकला. वादक म्हणजे त्याच्यासारखेच तरुण, काही शिकाऊ, काही हौशी. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, त्याला एक गायनवृंदही जोडला गेला.

आता असा ऑर्केस्ट्रा काय वाजवणार? गावात मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा आधीपासून होता. बीथोवन, ब्राम्स, चायकॉव्स्की हे सगळं तो वाजवत होता आणि लोक तिकीट काढून ऐकत होते. त्याच्याशी वीस पोरांनी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. झाखरने जे ठरवलं ते आजच्या स्टार्टअपवाल्यांनाही पटेल. जे कुणी वाजवत नाही ते आपण वाजवायचं. म्हणजे दोन टोकं. एक, फार जुनं: बाख, हँडल, त्यांच्याही आधीचे लोक, मोझार्ट-हायडनच्या मागे पडलेल्या रचना. आणि दुसरं, अगदी नवीन, शाई न वाळलेलं. मधलं एकोणिसावं शतक जवळपास सोडून दिलं. गंमत अशी की हे दोन्ही प्रकार छोट्या ऑर्केस्ट्रालाच शोभतात. जुनं संगीत लिहिलंच गेलं होतं कमी वादकांसाठी, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या नव्या पिढीला शंभर वाद्यांच्या गदारोळाचा कंटाळा आलेला होता.

झाखर जुन्या संगीताकडे फक्त चव म्हणून बघत नव्हता. १९३३ मध्ये त्याने बाझलमध्ये 'स्कोला कांटोरुम बासिलिएन्सिस' ही शाळा काढली. जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर, त्या काळच्या पद्धतीने कसं वाजवायचं याचा अभ्यास करणारी. आज जगभर बाख जुन्या वाद्यांवर ऐकायला मिळतो, त्यामागे ज्या थोड्या संस्था आहेत त्यातली ही एक. अजून चालू आहे.

इथपर्यंत पैशाचा विषय आलेला नाही हे लक्षात ठेवा, कारण पुढे तोच विषय येणार आहे :)

रोश कंपनी १८९६ साली फ्रिट्झ हॉफमान-ला रोश याने बाझलमध्ये काढली. त्याचा मुलगा इमॅन्युएल १९३२ मध्ये मोटार अपघातात गेला. त्याची बायको माया शिल्पकार होती, आधुनिक चित्रांची जाणकार संग्राहक होती. १९३४ मध्ये माया आणि पॉल झाखर यांनी लग्न केलं. एका फटक्यात हा गडी युरोपातल्या मोठ्या उद्योग घराण्यात जाऊन बसला. १९३८ पासून तो रोशच्या संचालक मंडळावर होता, आणि कंपनी घराण्याच्या ताब्यात राहावी यासाठी १९४८ मध्ये वारसांचे शेअर एकत्र बांधण्यात आले, त्यातही तो होता. नुसता घरजावई म्हणून मिरवला नाही, धंदा समजून घेतला.

झाखरबद्दल वाचताना 'व्हॅलियमच्या पैशावर उभं राहिलेलं आधुनिक संगीत' असं चमकदार वाक्य भेटतं. ऐकायला छान, पण हिशोब जुळत नाही. व्हॅलियम बाजारात आलं १९६३ मध्ये. झाखरने मागवलेल्या सगळ्यात गाजलेल्या कृती १९३६ ते १९४७ या काळातल्या. त्या काळात रोशची भरभराट चालली होती ती व्हिटॅमिनांवर. टाडेउश राइखश्टाइन या रसायनशास्त्रज्ञाने व्हिटॅमिन सी कारखान्यात बनवायची पद्धत शोधली, ती रोशने घेतली आणि १९३४ पासून उत्पादन सुरू केलं. तेव्हा म्हणायचंच असेल तर 'व्हिटॅमिन सी'च्या पैशावर म्हणा.

आता मुख्य गोष्ट. १९३६ च्या जूनमध्ये झाखरने बुडापेस्टला बेला बार्टोकला पत्र टाकलं. आमच्या ऑर्केस्ट्राला दहा वर्षं होतायत, त्यासाठी तंतुवाद्यांकरता काहीतरी लिहा, फार अवघड नको. बार्टोकचं उत्तर मोठं प्रामाणिक होतं. तांत्रिक अवघडपणा टाळायचा प्रयत्न करीन, पण लयीचा अवघडपणा टाळणं कठीण आहे, अशा अर्थाचं. (एस्टिमेट देताना आपण असं लिहून देतो का?) सप्टेंबरच्या ७ तारखेला काम पूर्ण. 'तंतुवाद्यं, तालवाद्यं आणि सेलेस्टा यांच्यासाठी संगीत' हे त्याचं नाव. नाव अगदी कोरडं, पण आत जे आहे ते भन्नाट. तंतुवाद्यांचे दोन गट समोरासमोर, मध्ये पियानो, हार्प, झायलोफोन, नगारे आणि सेलेस्टा. २१ जानेवारी १९३७ ला बाझलमध्ये पहिला प्रयोग झाला. आज ही रचना विसाव्या शतकातल्या दहा महत्त्वाच्या रचनांत बहुतेक जण धरतील. तिसरा भाग तुम्ही नकळत ऐकलाही असेल, कुब्रिकच्या १९८० च्या 'द शायनिंग' सिनेमात तो आहे.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. हंगेरियन अभ्यासक एर्न्यो लेंडवाई याने या रचनेत फिबोनाची आकडे शोधले. पहिल्या भागाचे ८९ बार, त्यात ५५ बार झाल्यावर शिखर. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला झायलोफोनचे ठोके १, १, २, ३, ५, ८ असे वाढत जातात आणि तसेच उतरतात. हे वाचून आपण खूश होतो, मग छापील प्रत उघडून मोजतो तर पहिल्या भागात ८८ च बार. लेंडवाईने शेवटी शांततेचा एक बार आपल्या खिशातून घातला होता. टेस्ट पास होत नाही म्हणून डेटा बदलणारे फक्त आपल्याच धंद्यात नसतात. झायलोफोनचं मात्र खरं आहे, कान देऊन ऐकलंत तर मोजता येतं. आणि हो, हीच आकड्यांची माळ हेमचंद्राने साधारण ११५० च्या सुमारास मात्रावृत्तं मोजताना लिहून ठेवली होती, फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकाआधी. म्हणजे या आकड्यांचा लयीशी संबंध तसा जुनाच.

नंतर युद्ध आलं. बाझलची जागा इथे समजून घ्यायला हवी. शहराच्या एका बाजूला फ्रान्स, दुसऱ्या बाजूला जर्मनी. शहराच्या आत जर्मन रेल्वेचं एक अख्खं स्टेशन. नकाशावर बोट ठेवलं तर तिन्ही देशांवर पडेल अशी परिस्थिती.

१९३८ च्या उन्हाळ्यात चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनू झाखरच्या श्योननबर्ग इथल्या घरी राहिला होता. दोन तंतुवाद्यवृंद, पियानो आणि नगारे यांच्यासाठी तो 'डबल कॉन्चेर्टो' लिहीत होता. ती पूर्ण झाली त्याच सुमारास, सप्टेंबरअखेरीला, म्युनिकचा करार झाला आणि त्याच्या देशाचे लचके तोडायला सुरुवात झाली. संगीतात वर्तमानपत्र वाचू नये हे खरं, पण ही रचना ऐकताना श्वास कोंडतो एवढं नक्की. पहिला प्रयोग ९ फेब्रुवारी १९४०, बाझल.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये पाळी बार्टोकची. झाखरने त्याला आल्प्समधल्या सानेन गावी एक लाकडी बंगला दिला. राहायचं, खायचं, कुणी त्रास द्यायचा नाही. बार्टोकने आपल्या मुलाला लिहिलं की मी जुन्या काळच्या, आश्रयदात्याच्या घरी पाहुणा म्हणून राहणाऱ्या संगीतकारासारखा वाटतो आहे. २ ते १७ ऑगस्ट, पंधरा दिवसांत 'डिव्हर्टिमेंटो' लिहून झालं. डिव्हर्टिमेंटो म्हणजे करमणूक. पहिला आणि तिसरा भाग नाचरा, पण मधला भाग ऐका, तिथे अंधार आहे. दोन आठवड्यांनी जर्मनी पोलंडमध्ये घुसली.

या रचनेचा पहिला प्रयोग ११ जून १९४० ला झाला. ही तारीख जरा बघा. एक महिन्याआधी, १० मे ला, जर्मनीने पश्चिमेकडे हल्ला चढवला होता आणि स्वित्झर्लंडने सर्वसाधारण लष्करी जमवाजमव जाहीर केली होती. बाझलमधली पुष्कळ कुटुंबं सामान बांधून देशाच्या आतल्या भागात निघून गेली. १० जूनला इटली युद्धात उतरली. १४ जूनला पॅरिस पडलं. त्या दोहोंच्या मध्ये, सीमेवरच्या शहरात, या लोकांनी तालमी केल्या, खुर्च्या मांडल्या आणि नवं संगीत वाजवलं. बार्टोक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेला गेला तो कायमचाच. १९४५ मध्ये न्यूयॉर्कला वारला.

झाखरने १९४१ मध्ये झुरिकमध्ये दुसरा छोटा ऑर्केस्ट्रा काढला, 'कोलेगिउम मुझिकुम'. आर्थर ऑनेगर व्याप्त पॅरिसमध्ये बसून झाखरसाठी दुसरी सिंफनी लिहीत होता, तिचा पहिला प्रयोग या झुरिकच्या ऑर्केस्ट्राने मे १९४२ मध्ये केला. पूर्ण सिंफनी फक्त तंतुवाद्यांवर, काळवंडलेली, आणि अगदी शेवटी एकच ट्रंपेट येतं. रिचर्ड स्ट्राउसची २३ तंतुवाद्यांसाठीची 'मेटामॉर्फोझेन', जर्मनीची शहरं बेचिराख होताना एप्रिल १९४५ मध्ये पूर्ण केलेली, तीही जानेवारी १९४६ मध्ये याच झुरिकच्या वादकांनी पहिल्यांदा वाजवली.

हे सगळं वाचून 'वा, काय तो स्वित्झर्लंड' असं वाटत असेल तर थोडं थांबा. ज्या वर्षी ऑनेगरची सिंफनी वाजली त्याच वर्षी, ऑगस्ट १९४२ मध्ये, स्विस सरकारने फक्त ज्यू म्हणून पळून येणाऱ्यांना आपल्या सीमा बंद केल्या. युद्धाच्या काळात हजारो लोकांना परत पाठवलं गेलं, त्यातले कित्येक थेट मरणाच्या दारात. बाझलच्या वेशीवरही हे घडत होतं. स्विस सरकारनेच नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २००२ च्या अहवालात हे स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे नावाजलेल्या संगीतकाराला बंगला मिळत होता आणि नाव नसलेल्या माणसाला सीमेवरून माघारी धाडलं जात होतं. झाखरने हे धोरण ठरवलं नव्हतं, आणि त्याच्या ऑर्केस्ट्राने जे केलं त्याची किंमत यामुळे शून्य होत नाही. पण गोष्ट सांगायची तर दोन्ही बाजू सांगाव्या लागतात. संगीत वाचलं, छान झालं. संगीत वाचवणं म्हणजे माणसं वाचवणं नव्हे, एवढं भान ठेवून ते ऐकावं.

जानेवारी १९४७ मध्ये ऑर्केस्ट्राच्या विशीचा सोहळा झाला. त्यासाठी स्ट्राविन्स्कीने 'कॉन्चेर्टो इन डी' लिहिलं, मार्टिनूने 'टोकाटा ए दुए कान्झोनी', आणि ऑनेगरने चौथी सिंफनी. ऑनेगरच्या सिंफनीत बाझलचं लोकगीत आणि तिथल्या कार्निव्हलची धून गुंफलेली आहे. युद्ध संपलं होतं आणि कुणीतरी पुन्हा हसायला लागलं होतं असं ते ऐकताना वाटतं. पुढे मार्टिनू १९५९ मध्ये बाझलजवळच लीश्टाल इथे वारला. त्याला झाखरच्या श्योननबर्गच्या जागेतच पुरलं, आणि १९७९ मध्ये त्याच्या अस्थी त्याच्या गावी पोलिच्काला नेल्या. संगीतकार आणि आश्रयदाता हे नातं मरणानंतर वीस वर्षं चाललं.

झाखरने स्वतः मागवलेल्या किंवा पहिल्यांदा वाजवलेल्या रचनांची संख्या दोनशेच्या पुढे जाते. सगळ्या थोर नाहीत, त्यातल्या बऱ्याच आज कुणी वाजवत नाही. पण हा हिशोब असाच असतो. दोनशे लिहवून घ्या, दहा टिकतील, आणि कुठल्या दहा ते आधी कळत नाही. जगातल्या महान कंडक्टरांच्या यादीत झाखरचं नाव कुणी घालत नाही. त्याची कामगिरी वेगळी होती. कुणाला विचारायचं हे त्याला कळत होतं, लिहून आलेलं वाजवून दाखवायला स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता, आणि तालमींना वेळ होता. नुसता चेक फाडणारे खूप असतात. 'लिहा, आम्ही वाजवतो' असं म्हणणारे फार थोडे.

१९७६ मध्ये झाखर सत्तर वर्षांचा झाला तेव्हा चेलोवादक रोस्ट्रोपोविचने बारा संगीतकारांना सांगून त्याच्या आडनावाच्या अक्षरांवर चेलोच्या रचना लिहवून घेतल्या. ब्रिटन, बुलेझ, बेरिओ, ल्युटोस्लाव्स्की अशी मंडळी. एन्कोडिंग कसं, तर जर्मनमध्ये ई-फ्लॅटला 'एस' म्हणतात, बी ला 'एच', आणि आर साठी इटालियन 'रे'. सी ला सा धरलात तर झाखर म्हणजे कोमल ग, ध, सा, नी, शुद्ध ग, रे. पेटी असेल घरी तर वाजवून बघा. दोन गंधारांचं हे चमत्कारिक आडनाव आहे, पण शेवटचा 'रे' त्यांचा आणि आपला एकच निघतो.

आता खरा प्रश्न. १९८७ मध्ये बाझलचा हा चेंबर ऑर्केस्ट्रा बंद झाला. झाखर तेव्हा ८१ वर्षांचा होता. झुरिकचा १९९२ मध्ये बंद झाला. ६१ वर्षं चाललेली, जगाला बार्टोक देणारी संस्था, आणि संस्थापक थकला तशी मिटली. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. निवड त्याची, पैसा त्याच्या घरचा, काठी त्याच्या हातात. ज्याचं संगीत त्याला रुचत नसेल त्याचं या ऑर्केस्ट्रात काम नव्हतं. याला हुकूमशाही म्हणायचं की दृष्टी?

त्याच गावात याच्या उलट उदाहरणही आहे. १९६७ मध्ये बाझलच्या संग्रहालयात उसने ठेवलेले पिकासोचे दोन कॅनव्हास विकले जायची वेळ आली. शहराने ६० लाख फ्रँक द्यायचे का यावर चक्क सार्वमत घेतलं गेलं, बाकीचे पैसे लोकांनी रस्त्यावर जत्रा भरवून गोळा केले. लोकांनी होकार दिला. पिकासो इतका खूश झाला की त्याने आणखी चार चित्रं फुकट दिली. आणि माया झाखरने स्वतः पिकासोचं एक चित्र घेऊन संग्रहालयाला दिलं. म्हणजे लोकांचा पैसा आणि घराण्याचा पैसा, दोन्ही एकाच भिंतीवर टांगलेले.

मला वाटतं दोन्ही लागतं, पण दोन्हीचं काम वेगळं. सार्वमताने पिकासो विकत घेता येतो, कारण १९६७ मध्ये पिकासो कोण हे सगळ्यांना माहीत होतं. १९३६ मध्ये 'बार्टोककडून काहीतरी लिहवून घ्यायचं का' असं मतदान घेतलं असतं तर काय निकाल लागला असता हे सांगायला नको. अजून न झालेल्या गोष्टीवर पैसे लावायला एक हट्टी माणूस लागतो. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात मान दिला तो काही समिती नेमून नव्हे. पण झालेली गोष्ट टिकवायला एक माणूस पुरत नाही, तिथे संस्था लागते. झाखरला हे समजलं असावं. १९७३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाचं प्रतिष्ठान केलं, १९८३ मध्ये स्ट्राविन्स्कीची सगळी कागदपत्रं साडेबावन्न लाख डॉलरना विकत घेतली, आणि १९८६ पासून बाझलच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात संगीतकारांच्या हस्तलिखितांचं ते केंद्र अभ्यासकांना खुलं आहे. वाजवणारे गेले, लिहिलेलं राहिलं. १९९९ मध्ये झाखर वारला. आज 'कामरऑर्केस्टर बाझल' नावाचा जो उत्तम ऑर्केस्ट्रा जगभर फिरतो तो वेगळा, १९८४ मध्ये तरुण वादकांनी सुरू केलेला. गाव तेच, सवयही तीच: जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवायचं.

असो. फार झालं. ऐकायचं असेल तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी ऑनेगरची चौथी, ती हसरी आहे. मग बार्टोकचं डिव्हर्टिमेंटो, मधला भाग दोनदा. मग मार्टिनूचं डबल कॉन्चेर्टो. आणि शेवटी हेडफोन लावून, दिवे मालवून बार्टोकची १९३६ ची ती रचना. पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाहीये असं वाटेल, तरी बंद करू नका. ५५ बार होईपर्यंत तरी थांबा.